मुलाचा ताबा: बापाच्या हक्कापासून मुलाच्या हितापर्यंत

मुलांच्या ताब्याचे दावे आजही मुख्यतः 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यावर उभे आहेत. या कायद्याचा मूळ कल बापाकडे होता. बाप हयात असेल आणि अपात्र ठरला नसेल, तर कलम 19 प्रमाणे न्यायालयाला दुसरा पालक नेमताच येत नसे. त्या ओळीत आईचा उल्लेख यायला 2010 ची दुरुस्ती उजाडावी लागली! न्यायाधीशाने काय तोलायचे, हे मात्र कलम 17 ने आधीच सांगितले होते: मुलाचे वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने कलम 13 मध्ये मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवले, पण कलम 6 मध्ये आधी बाप, त्याच्यानंतर आई हा क्रम कायम राहिला. बाप जिवंत असूनही लक्ष घालत नसेल, तर आई पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात स्पष्ट केले.

याच कलम 6 नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने आपली योग्यता सिद्ध करण्याचा भार आईवरच टाकला होता. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला: आईकडे राहणे मुलाच्या अहिताचे आहे, हे बापाने दाखवायचे. पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप बापाकडे जाते, हा समज मात्र साफ चुकीचा. तेव्हाही कसोटी कल्याणाचीच असते.

मुलाशी न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये बोलतात, आईबाप आणि वकील बाहेर ठेवून. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाची मदत मिळते. मूल मोठ्यांच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी म्हणू लागले, तर ते पढवलेले असल्याची शंका येते आणि त्या पसंतीचे वजन घटते.

सगळ्यात जास्त घात करतो तो वेळ. तात्पुरता ताबा लांबला की शाळा, मित्र, सवयी तिथेच रुजतात आणि पुढे मूल हलवणेच अहिताचे ठरते. म्हणून मूल ज्याच्याकडे नाही, त्याने भेटीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. वार, वेळ, जागा, सुट्ट्यांची वाटणी आणि व्हिडिओ कॉल स्पष्ट मागावेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये 2001 पासून 60 दिवसांची मुदत आहे, पण ती मुलांच्या निर्वाहाचे आणि शिक्षणाचे अर्ज निकाली काढण्यासाठी, तीही शक्यतोवर. त्या मुदतीत ताब्याचा अर्ज बसवलेलाच नाही.