नकारात्मक विचारांची पडताळणी : उपचारपद्धतीची पार्श्वभूमी

घटनेपेक्षा तिच्याविषयीचे आपले मतच आपल्याला अस्वस्थ करते, ही स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन परंपरेतील तत्त्वज्ञांची मांडणी जुनी असली, तरी तिला मानसोपचारात पद्धतशीर स्थान मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. न्यूयॉर्कमधील एका मानसशास्त्रज्ञाने मनोविश्लेषणापासून, म्हणजे नेणिवेतील संघर्ष शोधणाऱ्या फ्रॉइडच्या पद्धतीपासून, फारकत घेऊन १९५५ मध्ये अविवेकी समजुती तपासून बदलण्याची जी पद्धती सुरू केली, ती मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून परिचित आहेच.

‘मला हे जमणार नाही’ अशा, स्वतःच्या कुवतीविषयी शंका घेणाऱ्या विचारांच्या दृष्टीने मात्र फिलाडेल्फियातील काम अधिक मोलाचे ठरले. तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञाला नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांत स्वतःकडे वळलेला राग सापडण्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आढळली ती हार आणि नकार. त्यामुळे त्याचे लक्ष रुग्णाच्या स्वतःविषयीच्या नकारात्मक विचारांकडे वळले आणि ते विचार तपासण्याची बोधात्मक उपचारपद्धती आकाराला आली. पुढे १९७९ च्या ग्रंथातून या पद्धतीला सविस्तर रूप मिळाले आणि रकान्यांची नोंदवही उपचाराचा भाग झाली. ‘मुलाखतीत माझी फजिती होणार’ हा विचार लिहायचा, तो किती टक्के खरा वाटतो ते मांडायचे, अधिक वास्तव उत्तर शोधायचे आणि मग टक्केवारी पुन्हा तपासायची. ‘मी यशस्वी होणारच’ असे लिहिणे इथे अभिप्रेत नाही, हे आवर्जून सांगावे लागते, कारण सकारात्मक विचारांच्या प्रचारात नेमका हाच भेद पुसला गेला आहे.

खरा वाद पेटला १९९६ मध्ये. सिएटलमधील संशोधकांनी उपचाराचे घटक सुटे केले : एका गटाला केवळ टाळलेली कामे पुन्हा सुरू करायला लावली, दुसऱ्या गटासाठी त्याला आपोआप उमटणाऱ्या विचारांच्या तपासणीची जोड दिली आणि तिसऱ्याला खोलवरच्या समजुतींसह संपूर्ण उपचार दिला. तिन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून विचार बदलण्याची गरजच नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो घाईचा वाटतो, कारण टाळलेले काम करून पाहणाऱ्याचे स्वतःविषयीचे मतही त्या अनुभवाने बदलू शकते आणि मूळ पद्धतीतही प्रत्यक्ष कृतीला स्थान होतेच. तरीही २००६ मधील अभ्यासात तीव्र नैराश्यासाठी कृतीवर भर देणारा उपचार औषधाच्या तोडीस तोड ठरल्याने त्या बाजूचे बळ वाढले.

दरम्यान, विचाराशी झगडण्याऐवजी त्याला केवळ विचार म्हणून पाहायला शिकवणारा स्वीकाराधारित प्रवाहही १९९९ पासून ग्रंथरूपाने पुढे आला. त्याच्या जोडीला, बैठकीत प्रश्न विचारला तर लोक हसतील का, हे भाकीत आधी लिहून मग प्रत्यक्ष प्रश्न विचारून पाहण्यासारखे प्रयोग आजच्या उपचारात केले जातात.