श्रावणात अडकणारा खण आणि लाकडातले पाणी

आषाढ सरता सरता रत्नागिरीकडच्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ओटीवरच्या सागवानी टेबलाचा जो खण शिमग्यापर्यंत एका बोटाने सरकत होता, तो आता दोन्ही हातांनी ओढूनही निघत नाही, आणि सुताराने ओले लाकूड वापरले असा ठपका ठेवून सगळे मोकळे होतात. हा ठपका बहुतेक वेळा अन्यायाचा असतो, कारण उत्तम वाळवलेले लाकूडही पावसाळ्यात फुगतेच.

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे साठलेले असते, तर काही पाणी पेशींच्या भिंतींतच मुरलेले असते. लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. तेव्हा वजन घटते, पण आकार बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेले की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि लाकूड आक्रसते. या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या बनलेल्या असतात. तंतूंच्या पृष्ठभागावर आणि त्यांच्यामधल्या हेमिसेल्युलोज या सेल्युलोजसारख्याच पदार्थावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या असतात, आणि ते हवेतल्या बाष्पाचे रेणू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या सौम्य आकर्षणाने, धरून ठेवतात. असा प्रत्येक रेणू दोन तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारतो. भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे तंतू खोडाच्या लांबीशी जवळजवळ समांतर असल्यामुळे लाकूड रुंदीत फुगते, लांबीत मात्र जेमतेम बदलते.

रुंदीतही सगळीकडे सारखे नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणारे किरणपेशींचे पट्टे त्या दिशेच्या हालचालीला आवर घालतात, त्यामुळे वाढवलयांच्या कडेकडेने लाकूड जास्त हलते. पूर्ण ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर किरणांच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आक्रसते. इतर अनेक लाकडांच्या तुलनेत हे कमी आहे, आणि सागवानाच्या लौकिकाचे ते एक कारण आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातले पाणी १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर आठवडेच्या आठवडे टिकली की ते १८-१९ टक्क्यांपर्यंत चढते. या हिशेबाने ४५ सेंटिमीटर रुंदीचा, वलयांच्या दिशेने चिरलेल्या फळ्यांचा पृष्ठभाग जवळजवळ ६ मिलिमीटर रुंदावतो, तर किरणांच्या दिशेने चिरलेल्या फळ्यांचा अडीच मिलिमीटरच. ६० सेंटिमीटर लांबीत फरक पडतो तो पाव मिलिमीटरच्या आसपास.

अमावास्येला तोडलेले लाकूड फुगत नाही, अशी समजूत अजून ऐकू येते. हायड्रॉक्सिल गट हे सेल्युलोजच्या रेणूचाच भाग आहेत. झाड कोणत्या तिथीला तोडले यावरून ते कमी-जास्त होत नाहीत. ‘भट्टीत वाळवलेले, कधीच न हलणारे लाकूड’ ही जाहिरातही तितकीच दिशाभूल करणारी आहे. भट्टी लाकूड कोरडे करते, पण हवेतले बाष्प पुन्हा घेण्याची त्याची क्षमता नाहीशी करत नाही. पॉलिशने पाण्याचा प्रवेश मंदावतो, थांबत नाही. आणि ते फक्त वरच्या बाजूला लावले तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने फुगून फळीला बाक येतो.

म्हणून जाणकार सुतार टेबलाचा वरचा पृष्ठभाग चौकटीला चहूबाजूंनी डिंकाने चिकटवत नाही. तो मध्यभागी एक स्क्रू घट्ट बसवतो आणि बाकीच्या स्क्रूंसाठी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके ठेवतो, म्हणजे फळी श्रावणात पसरते आणि माघात मागे येते. ज्या टेबलाखाली आडवी पट्टी पूर्ण लांबीने चिकटवलेली असते, ते कोरड्या दिवसांत तडकते, कारण पट्टी आपल्या लांबीत आक्रसत नाही आणि वरच्या फळीला आक्रसू देत नाही. खणाच्या उंच बाजूंनाही वर थोडी मोकळी जागा लागते, कारण त्या उंचीत फुगतात. ती ठेवलेली नसेल, तरी अडकलेल्या खणावर श्रावणात रंधा मारण्याची घाई करू नये. तेव्हा जितके लाकूड काढाल, तितका खण उन्हाळ्यात खुळखुळेल. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, खण पुन्हा सरकतो का ते पाहावे, आणि तेव्हाही घासत असेल तरच सुताराला बोलवावे.