ओकिनावाची बदली: कुटुंब सोबत न्यायचं तर कोणता कागद कशाच्या आधी

अमेरिकी सैन्यात असलेल्याला जपानच्या ओकिनावा बेटावरची बदली आली की ऑर्डर त्याच्या एकट्याच्या नावाने पक्की असते. नवरा किंवा बायको, मुलं, कुत्रं-मांजर यांची सोय त्यात आपोआप होत नाही. प्रत्येकाचे कागद वेगळे, आणि एक कागद दुसऱ्यासाठी अडून बसतो. घरात कुणाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी दोन-तीन गाठी पडतात. म्हणून इथे सगळं क्रमाने घेतलं आहे, आणि लोक जिथे हमखास अडकतात तिथे जरा जास्त वेळ थांबलो आहोत.

आधी कमांड स्पॉन्सरशिप

कुटुंबाने सरकारी खर्चाने सोबत राहावं याला तिथल्या कमांडने दिलेली लेखी मंजुरी म्हणजे कमांड स्पॉन्सरशिप. ती असेल तर विमानभाडं, कुटुंबाचं सामान, बेसवरचं घर, डोडियाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) शाळेत विनाशुल्क हक्काची जागा, हे सगळं मिळतं. ती नसताना स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून पोहोचता येतं, पण मग शाळेत जागा उरली तर प्रवेश, दवाखान्यात वेळ उरला तर तपासणी, अशी उरल्यासुरल्यावर गुजराण करावी लागते. सहकुटुंब नेमणूक साधारण ३६ महिन्यांची आणि एकट्याची २४ महिन्यांची असते. कुटुंब न्यायचं ठरवताना एक वर्ष जास्त राहायचंही आपण ठरवत असतो, हे आधीच घरात बोलून घ्यावं.

पात्र कोण? सैन्याच्या डीअर्स या नोंदवहीत नाव असलेला जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं (पूर्णवेळ शिकत असतील तर २३ पर्यंत). आई-वडिलांचं नाव लागू शकतं, पण त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च सैनिक उचलतो हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. गावी दरमहा पैसे पाठवतो एवढ्यावर ते होत नाही.

डीअर्समध्ये नाव घालायचा फॉर्म म्हणजे डीडी ११७२-२. सोबत लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, फोटो ओळखपत्र. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं. मराठी घरांची खरी अडचण असते ती नावाची. लग्नाच्या दाखल्यावर ‘मीनल सुरेश देशपांडे’, पासपोर्टवर ‘मीनल अमोल जोशी’, ग्रीन कार्डावर मधलं नाव गायब, आणि स्पेलिंगमध्ये एकीकडे डबल ई तर दुसरीकडे आय. डीअर्समधलं नाव ऑर्डरवर जातं आणि ऑर्डरवरचं तिकिटावर. ते पासपोर्टशी जुळलं नाही तर खोळंबा होतो तो थेट विमानतळावर. तेव्हा पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरून बाकीचे कागद आधी सारखे करून घ्या.

वैद्यकीय चाळणी

मंजुरीच्या आधी घरातल्या प्रत्येकाची वैद्यकीय, दातांची आणि मुलांची शैक्षणिक तपासणी होते. प्रत्येक दलाचे फॉर्म वेगळे: हवाई दलात एएफ १४६६ आणि दातांसाठी १४६६-डी, भूदलात डीए ५८८८, नौदल आणि मरीनमध्ये नॅवमेड १३००/१. दीर्घ आजार किंवा विशेष गरज असेल तर डीडी २७९२, आणि शाळेत विशेष शिक्षण चालू असेल तर डीडी २७९२-१. हा शेवटचा फॉर्म शाळेकडून भरून घ्यावा लागतो. उन्हाळी सुट्टी लागली की शाळेत सही करायला कुणी नसतं आणि फाइल महिनाभर पडून राहते.

मुलाचा दमा किंवा स्पीच थेरपी ‘किरकोळच आहे’ म्हणून लिहिली नाही, हे सर्वांत महागात पडतं. ओकिनावात कॅम्प फॉस्टरला नौदलाचं मोठं रुग्णालय आहे, पण प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ बेटावर असेलच असं नाही. तिथे पोहोचल्यावर उपचार मिळत नाहीत असं निघालं तर कुटुंबाला मुदतीआधी परत पाठवतात.

औषधांची यादीही याच टप्प्यावर काढा. ॲडरॉलसारखी ॲम्फेटामिन असलेली गोळी जपानमध्ये आणायला पूर्ण बंदी आहे. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाही. सर्दीच्या औषधात सुडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर तेही नको. नेहमीची चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती बरोबर नेता येतात. जास्त हवी तर जपानी आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाची) गोळी चालू असलेल्या मुलाची गोळी बदलायची तर निघायच्या आठवड्यात नव्हे, चाळणीच्या वेळीच डॉक्टरांशी बोला.

पासपोर्ट, आणि भारतीय पासपोर्ट

सैनिक स्वतः ऑर्डर आणि लष्करी ओळखपत्रावर जपानमध्ये शिरू शकतो. अमेरिकी नागरिक असलेल्या कुटुंबीयांना मात्र ‘नो-फी’ पासपोर्ट लागतो: पहिल्यांदा काढताना डीएस-११, सोबत लष्करी कार्यालयाने दिलेला डीडी १०५६ आणि दोन बाय दोन इंचांचा फोटो. हा पासपोर्ट सरकारी प्रवासापुरताच. सुट्टीत पुण्याला यायचं तर साधा पासपोर्ट वेगळा हवा, आणि भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) त्या साध्या पासपोर्टाशी जोडलेला असावा. इथे एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय देत नाही. त्यामुळे सैनिकाने स्वतःसाठी व्हिसाचीच तयारी ठेवावी.

जोडीदाराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर नो-फी पासपोर्ट मिळत नाही. भारतीय पासपोर्टावर जपानचा व्हिसा घ्यावा लागतो. अर्जासोबत ऑर्डरची प्रत, त्यात जोडीदाराचं नाव असलेलं पान, कमांड स्पॉन्सरशिपचं पत्र आणि लग्नाचा दाखला द्या. घाईत पर्यटक व्हिसा काढून ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हा बेत करू नका.

ग्रीन कार्ड असेल आणि वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर ते रद्द होईल का, ही धास्ती प्रत्येक घरात असते. अधिकृत ऑर्डरवर परदेशी नेमणूक असलेल्या सैनिकाबरोबर राहणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना यात सूट आहे. मुदत संपलेलं कार्डही परतीला चालतं. मात्र ऑर्डरची प्रत हाताशी हवी. दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर आय-७५१ हा अट काढून घेण्याचा अर्ज भरणं टळत नाही. परदेशातून भरताना फॉर्मच्या वरच्या बाजूला ‘ॲक्टिव्ह मिलिटरी’ असं लिहायचं, सोबत दोन फोटो आणि एफडी-२५८ या कार्डावरचे बोटांचे ठसे दोन प्रतींत जोडायचे.

सैनिक अमेरिकी नागरिक आणि जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तर निघण्याआधी नागरिकत्वाचाही विचार करता येतो. अमेरिकेच्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ३१९ (बी) प्रमाणे अशा जोडीदाराला नेहमीची तीन वर्षं थांबावं लागत नाही. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जासोबत डीडी १२७८ हे परदेशी नेमणुकीचं प्रमाणपत्र जोडायचं, मुलाखत अमेरिकेत होते. दुसरा मार्ग ३१९ (ई): परदेशात सैनिकासोबत काढलेला काळ अमेरिकेतलाच धरला जातो आणि शपथही तिकडेच घेता येते. पण अमेरिकी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. गावाकडच्या शेतजमिनीचे व्यवहार बाकी असतील तर आधी वकिलाला विचारा.

नेमणुकीच्या मध्येच रजेवर येऊन भारतात लग्न केलं तर? लग्नाची डीअर्समध्ये नोंद, मग चाळणी, मग स्पॉन्सरशिपचा अर्ज. अट अशी, की जोडीदार पोहोचल्यावर नेमणुकीचे किमान १२ महिने शिल्लक असले पाहिजेत. तेवढे नसतील तर सैनिकाला मुदत वाढवून घ्यावी लागते. ओकिनावात राहायला ग्रीन कार्ड लागत नाही, पण पुढची बदली अमेरिकेत असणार, म्हणून आय-१३० हा जोडीदारासाठीचा अर्ज लगेच भरून टाका.

कुत्रं-मांजर: १८० दिवसांचं घड्याळ

सगळ्यांत लांबणारी प्रक्रिया ही, आणि ती ऑर्डर येण्याची वाट पाहत नाही. जपानचा क्रम ठरलेला आहे. आधी आयएसओ मानकाची मायक्रोचिप. चिपच्या आधी दिलेली रेबीजची लस जपान धरत नाही, कारण लस याच जनावराला दिली याचा पुरावा चिपशिवाय नसतो. मग जनावर किमान ९१ दिवसांचं झाल्यावर पहिली लस, ३० किंवा जास्त दिवसांनी दुसरी, त्यानंतर रक्ततपासणी. त्यात प्रतिपिंडं प्रति मिलिलिटर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवीत. रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस थांबायचं.

समजा १० जानेवारीला चिप आणि पहिली लस झाली, १२ फेब्रुवारीला दुसरी लस आणि त्याच दिवशी रक्त. मग ओकिनावात पोहोचण्याची सर्वांत लवकरची तारीख ११ ऑगस्ट. जपानी पशु विलगीकरण खात्याला किमान ४० दिवस आधी कळवायचं, म्हणजे २ जुलैपर्यंत. निघण्याआधीच्या १० दिवसांत पशुवैद्याची शेवटची तपासणी. मधल्या काळात लसीची मुदत संपली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. १८० दिवस भरण्याआधी पोहोचलात तर उरलेले दिवस जनावर विलगीकरणात. हवाई बेटांवरून आणि ग्वाममधून थेट येणाऱ्यांना लस आणि रक्ततपासणीचा हा फेरा नाही, ती बेटं रेबीजमुक्त यादीत आहेत. जनावर नेण्याच्या खर्चापैकी २,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते, तीही एकाच कुत्र्या-मांजराची. पावत्या जपून ठेवा.

सामान

सामानाचे तीन वाटे होतात: लवकर पोहोचणारं थोडं सामान, जहाजाने जाणारं मोठं, आणि अमेरिकेत सरकारी खर्चाने गोदामात राहणारं. नोकरीची पुस्तकं-हत्यारं वेगळ्या वजनात धरतात, सैनिकाला २,००० पौंडांपर्यंत, जोडीदाराला ५०० पर्यंत. पॅकिंगवाले यायच्या आधीच ती वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर घरच्या वजनात जातात. पासपोर्ट, दाखले, लसीची कार्डं आणि ऑर्डरच्या दहा-बारा प्रती असलेली पिशवी तर आदल्या रात्रीच गाडीच्या डिकीत टाका. पॅकिंगवाले दिसेल ते खोक्यात भरतात.

तुळशीची कुंडी मागे ठेवावी लागेल; जपानमध्ये परदेशी माती आणायला पूर्ण बंदी आहे. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे कुचकामी. बेसबाहेरच्या घरात वीज १०० व्होल्टची असते, तिथे अमेरिकेतला ११० व्होल्टचा मिक्सर चालतो, फक्त ओलं खोबरं वाटायला जरा जास्त फिरवावा लागतो.

गाडी नेऊ नका. १९७६ नंतर बनलेली गाडी जपानला पाठवता येत नाही. ती सरकारी खर्चाने गोदामात ठेवता येते. तिथे जुनी गाडी घेतात, तेव्हा जेसीआय या जपानच्या सक्तीच्या वाहन तपासणीची मुदत किती उरली ते आधी पाहावं, कारण ती दर दोन वर्षांनी करावी लागते आणि खर्चिक असते. चालवायला सोफा परवाना (जपान-अमेरिका लष्करी करारानुसार मिळणारा) लागतो. त्यासाठी अमेरिकेतला चालू परवाना आणि बेसवरची लेखी परीक्षा पुरते, म्हणून निघण्याआधी परवान्याची मुदत तपासा. वाहतूक डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्याचा हात लवकर बसतो. पहिले काही दिवस इंडिकेटरऐवजी वायपर मात्र चालू होत राहतात.