‘परवा’ म्हणजे नेमका कधी?

व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोनेक महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो: अमुक जमातीच्या भाषेत ‘खोटं’ हा शब्दच नाही, म्हणून ती माणसं खोटं बोलत नाहीत. जमातीचं नाव दर वेळी वेगळं, खाली जोडलेले हात मात्र तेच. या न्यायानं मराठी माणसाला होऊन गेलेलं आणि व्हायचं यांतला फरक कळायलाच नको. आपला ‘परवा’ मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्यालाही. तरी ‘परवा आलो होतो’ आणि ‘परवा येतो’ यांत कुणाचा घोळ होत नाही. क्रियापद ते काम सांभाळून घेतं.

शब्द नाही तर विचार नाही, ही कल्पना टोकाला नेली जॉर्ज ऑर्वेलनं. १९४९च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ कादंबरीत सत्ताधारी पक्ष ‘न्यूस्पीक’ नावाची भाषा घडवतो. तिच्यातले शब्द दरवर्षी कमी होत जातात. ‘वाईट’ कशाला हवं, ‘अचांगलं’वर भागतं. ‘फ्री’ हा शब्द उरतो, पण कुत्र्याच्या अंगावर उवा नाहीत एवढं सांगण्यापुरता. स्वातंत्र्याला शब्दच नसेल तर ते मागणार कोण?

कादंबरी म्हणून जबरदस्त. पण शब्दबंदी आपल्या घरातही आहे की! बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. अशुभ शब्द उच्चारला की अशुभ घडतं, या भाबड्या समजुतीपायी हे सगळं. त्यानं एकही बांगडी फुटायची थांबली नाही, आणि ऐकणाऱ्यालाही काय झालं ते बरोबर कळतं. रोगाला ‘देवी’ म्हटल्यानं तो गेला नाही, लशीनं गेला. चीनमध्ये १९८९च्या ४ जूनचा, म्हणजे तिआनमेन चौकातलं आंदोलन लष्करानं चिरडलं त्या दिवसाचा, उल्लेख सेन्सॉर पुसू लागला, तेव्हा लोक ‘३५ मे’ लिहू लागले. मे महिन्याचे ३१ आणि वर चार, हिशोब सोपा.

मग शब्दांनी काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो कुठे पडतो हे दाखवणारा २००७चा एक प्रयोग माझा फार लाडका आहे.

रशियन भाषेत निळ्याला एकच शब्द नाही. गडद तो ‘सीनी’, फिकट तो ‘गलुबोय’. आपल्या ‘आकाशी’सारखी ही निळ्याची छटा नव्हे, लाल आणि गुलाबी जसे वेगळे, तसे हे दोन वेगळे रंग. पडद्यावर तीन निळे चौकोन दाखवायचे, एक वर, दोन खाली. वरच्यासारखा खालचा कोणता, ते झटकन सांगायचं. खालचे दोन चौकोन वेगवेगळ्या नावांचे असले, की रशियन भाषक लवकर उत्तर देत. एकाच नावाचे असले की वेळ लागे. इंग्रजी भाषकांत असा फरक दिसला नाही.

इथवर वाटेल, भाषेनं डोळेच बदलले. आता खरी गंमत. त्याच लोकांना आठ अंकांची एक संख्या मनातल्या मनात घोकायला लावली आणि चौकोन पुन्हा दाखवले. रशियनांची आघाडी गायब! संख्येऐवजी काही घरं काळी केलेल्या चौकटींच्या जाळीची आकृती लक्षात ठेवायला सांगितली, तर आघाडी शाबूत. म्हणजे डोळे तेच आहेत. रंग पाहताना मेंदूची भाषायंत्रणा त्या क्षणी ‘हा सीनी, तो गलुबोय’ असं कानात कुजबुजते आणि निवड सोपी करते. तिला अंक घोकण्यात गुंतवलं की कुजबुज बंद. आकृती घोकताना ती मोकळीच असते.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या पिरहा लोकांचं हेच, फक्त संख्येच्या बाबतीत. त्यांच्या भाषेत नेमक्या आकड्यांचे शब्द नाहीत. समोर दोऱ्याची रिळं मांडून तितकेच फुगे लावायला सांगितले, तर ते बहुतेक अचूक लावतात. रिळं झाकून टाकली की मोठ्या संख्यांना चुका वाढतात. ‘सात’ दिसतं, पण झाकल्यावर धरून ठेवायला खुंटी नाही.

शब्द काढून विचार थांबवू पाहणाऱ्या सेन्सॉरला खरोखर उपयोगी पडेल असा पुरावा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातला आहे. १९७०च्या दशकाअखेर राजधानी मानाग्वातल्या एका शाळेत कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येनं एकत्र आली आणि त्यांनी आपसांत खुणांची एक नवी भाषाच रचली. ती कुणीही शिकवली नव्हती. पण पहिल्या पिढीच्या भाषेत ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ यांच्या खुणा फार थोड्या होत्या. पुढे त्यांना चित्रांतून गोष्ट दाखवली: मुलानं एका जागी ठेवलेलं खेळणं त्याच्या माघारी दुसऱ्यानं हलवलं, तर परत आल्यावर तो कुठे शोधेल? ही मोठी माणसं अडखळली. त्यांच्याहून लहान, पण अशा खुणा भरपूर वापरणाऱ्या पिढीनं बरोबर उत्तर दिलं. दोनेक वर्षांनी पुन्हा तपासलं, तोवर थोरल्यांनी त्या खुणा उचलल्या होत्या, आणि आता त्यांनाही तो मुलगा कुठे शोधेल ते सांगता येत होतं.