कांडी, साडी आणि 'वस्तू': क्रियाकलाप सिद्धांतातील एका शब्दाची पार्श्वभूमी

बेळगावातील शहापूर, वडगाव आणि खासबाग हे विणकरांचे जुने भाग. तेथे कांड्या (मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या) भरीत बसलेल्या बाईला 'काय चाललंय, मावशी?' असे विचारले, तर ती हातातली कांडी दाखवील, 'कशासाठी?' असे विचारले, तर बोलणे मागावरच्या साडीवर आणि तेथून मजुरीवर जाईल. मानवी क्रियाकलापाची 'वस्तू' नेमकी कशाला म्हणावे, हा सांस्कृतिक-ऐतिहासिक क्रियाकलाप सिद्धांतातील, म्हणजे माणसाचे मन त्याच्या सामाजिक, साधनांनी होणाऱ्या कामांतून समजून घेणाऱ्या सोव्हिएत मानसशास्त्रातून आलेल्या विचारपरंपरेतील, जुना वाद या दोन उत्तरांमधल्या अंतराशी येऊन थांबतो.

वादाचा एक धागा भाषेत आहे. मार्क्सने 1845 साली फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञावर जी टिपणे लिहिली, त्यांतील पहिल्यातच त्याची तक्रार अशी की, तोवरच्या भौतिकवादाने वास्तवाकडे केवळ समोर पडलेली, न्याहाळण्याची गोष्ट म्हणून पाहिले, माणसाची प्रत्यक्ष कृती म्हणून पाहिले नाही. त्यासाठी त्याच्याजवळ जर्मनमधले 'ओब्येक्ट' (नुसती समोर असलेली गोष्ट) आणि 'गेगेनश्टांड' (कृती जिच्याकडे वळलेली असते ती गोष्ट) असे दोन शब्द होते. रशियनमध्येही 'ओब्येक्त' आणि 'प्रेदमेत' अशी जोडी आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच 'ऑब्जेक्ट' वापरला गेला आणि भेद पुसट झाला. मराठी वाचक बहुधा इंग्रजीतूनच येथवर पोहोचत असल्याने हा गोंधळ त्याच्याही वाट्याला येतो. वास्तविक आपल्याजवळ 'वस्तू' आणि 'विषय' हे दोन्ही शब्द आहेत, आणि सीमाभागात शेजारच्या कन्नडमध्येही तेच चालतात.

या परंपरेचा पाया घालणारा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की (1896–1934) याचा भर साधने आणि चिन्हे यांच्या मध्यस्थीवर, म्हणजे माणूस आणि जग यांच्यामध्ये ती जे काम करतात त्यावर, होता. 'वस्तू' ही संकल्पना केंद्रस्थानी आणली ती त्याचा सहकारी अलेक्सेई लिओन्तिएव (1903–1979) याने. क्रियाकलाप, कृती आणि सवयीने होणाऱ्या हालचाली असे तीन स्तर त्याने मानले. त्याचे गाजलेले उदाहरण शिकारीचे आहे. हाका घालणारा माणूस सावज स्वतःपासून दूर पळवतो. एवढीच कृती पाहिली, तर ती भुकेल्या माणसाला न शोभणारी वाटते. तिला अर्थ येतो तो पलीकडे दबा धरून बसलेल्या साथीदारांमुळे. कांडी भरणाऱ्या बाईचेही तसेच आहे: तिच्या कृतीचे उद्दिष्ट भरलेली कांडी, पण त्या कृतीला चालना देणारे काही वेगळेच. क्रियाकलापाची वस्तू हाच त्याचा खरा प्रेरक हेतू, असे लिओन्तिएवने 1975 सालच्या ग्रंथात मांडले.

फिनलंडचा संशोधक युर्यो एंगेस्ट्रॉम याने 1987 साली हीच संकल्पना समूहाकडे नेली. त्याच्या मांडणीत वस्तू म्हणजे ज्यावर सगळे मिळून काम करतात आणि ज्याचे फलितात रूपांतर होते तो कच्चा माल किंवा प्रश्न; नियम, समुदाय आणि श्रमविभागणी तिच्याभोवती येतात. दोन्ही व्याख्या एकाच शब्दाखाली नांदू लागल्या, हे माझ्या मते या परंपरेतील सर्वांत त्रासदायक वळण होय. 2005 साली याच परंपरेतील संशोधक व्हिक्टर काप्तेलिनिन याने वस्तू आणि हेतू वेगळे करावेत असे सुचवले, कारण एकाच कामामागे अनेक हेतू असू शकतात. वडगावातल्या एकाच मागामागे कर्जाचा हप्ता, घरचा परंपरागत धंदा आणि लग्नसराईची मागणी अशी तिन्ही कारणे असू शकतात. मागावर मात्र साडी एकच असते.