गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रतिमाचित्रणावरून जीवितकालाचा अंदाज

एमआरआय आणि पेट-सीटी (टोचलेली किरणोत्सारी साखर शोषणाऱ्या जागा चकाकताना दाखवणारी तपासणी) यांच्या चित्रांवरून रुग्ण उपचारांनंतर किती काळ रोगमुक्त राहील, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. पूर्वी या रोगाचा टप्पा मुख्यतः हाताने तपासून ठरे. फिगो या जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाने २०१८ मध्ये प्रतिमाचित्रणाला त्यात रीतसर स्थान दिले. रोग दूर किंवा शेजारच्या अवयवांत गेलेला नसेल, तर ओटीपोटातील लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) बाधित दिसल्यास टप्पा ३सी१ आणि महाधमनीलगतच्या दिसल्यास ३सी२ धरतात. मूळ गाठ लहान असली तरी हाच नियम.

एमआरआयचे टी-२ (पाणी उजळ दाखवणाऱ्या प्रकारचे) काप गर्भाशयमुखाच्या नळीला काटकोनात, ३ ते ४ मिमी जाडीचे घेतात. त्यात निरोगी तंतुमय भिंत काळ्या कड्यासारखी दिसते आणि गाठ त्याहून उजळ, राखाडी. कडे सलग असेल तर रोग बाजूच्या ऊतींत गेला नसल्याची बरीच खात्री देता येते. काप तिरका पडला तर कडे तुटल्याचा भास होतो आणि टप्पा विनाकारण वाढतो. आतड्याच्या हालचालीने चित्र पुसट होते, म्हणून ती मंदावणारे इंजेक्शन आधी देतात. गाठीचा आकार, फुगलेली मूत्रवाहिनी आणि बाधित ग्रंथी या तीन गोष्टी अहवालात स्पष्ट असल्या तरी अंदाजाचा मोठा भाग हाती येतो.

खरी अडचण ग्रंथींची. आखूड व्यास १० मिमीपेक्षा जास्त असला तर ग्रंथी संशयास्पद मानतात, पण ८ मिमीच्या ग्रंथीतही रोग असू शकतो आणि १२ मिमीची ग्रंथी नुसत्या सुजेने वाढलेली असू शकते. पेट-सीटी इथे उपयोगी पडते, मात्र रोगाचे अगदी सूक्ष्म साठे तिलाही दिसत नाहीत. शिवाय क्षयाच्या ग्रंथीही कर्करोगासारख्याच चकाकतात. भारतात ही शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते. महाधमनीलगत एकच ग्रंथी चकाकत असेल तर शक्य तेथे सुईने नमुना घ्यावा, कारण त्या एका ठिपक्यावरून किरणोपचाराचे क्षेत्र पोटात वरपर्यंत वाढवले जाते आणि आतड्यांना इजा होण्याचा धोका वाढतो.

पेट-सीटीआधी ४ ते ६ तास उपवास लागतो, रक्तशर्करा २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत हवी आणि इंजेक्शननंतर सुमारे ६० मिनिटांनी चित्र घेतात. किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्राशय गर्भाशयमुखाला अगदी लागून असते. त्यामुळे लघवी करून मगच टेबलावर झोपवावे, नाहीतर गाठीची कडा मूत्राच्या झळाळीत हरवते. ६० मिनिटांचा एसयूव्ही (साखर किती शोषली गेली ते सांगणारा) आकडा ९० मिनिटांच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

उपचारांनंतरचे चित्र सर्वांत बोलके. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ९२ रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात उपचारांनंतर सुमारे ३ महिन्यांनी पेट काढले होते. चकाकी पूर्ण गेलेल्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांचा रोग ३ वर्षांत बळावला नाही. अंशतः उरलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते, तर नवी चकाकी दिसलेल्यांत शून्य. घाईने आधीच चित्र काढले तर किरणांनी आलेली सूज रोगासारखी दिसते.

रेडिओमिक्समध्ये गाठीची सीमा आखून तिच्या पोताची शेकडो मोजमापे काढतात आणि कॉक्स प्रतिमानात (काळानुसार धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) घालतात. १०० रुग्णांत २० मृत्यू असतील तर दोन-तीन मोजमापांपलीकडे जाऊ नये, नाहीतर प्रतिमान तेवढेच रुग्ण पाठ करते आणि दुसऱ्या यंत्रावर कोसळते. पोताची बरीच मोजमापे आडवळणाने आकारमानच सांगतात, म्हणून केवळ टप्पा आणि आकारमान घेऊन केलेल्या साध्या प्रतिमानाशी तुलना नसेल तर निष्कर्ष स्वीकारू नये. जुन्या रुग्णांवर शिकवलेले प्रतिमान आजच्या रुग्णांबाबत चुकू शकते, कारण उपचार बदलले आहेत. एमआरआय पाहून अंतर्किरणोपचार (किरणस्रोत गाठीजवळ आत ठेवून दिलेले उपचार) देणाऱ्या एम्ब्रेस-१ अभ्यासात (२०२१) ५ वर्षांचे स्थानिक नियंत्रण, म्हणजे मूळ जागी रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण, ९२ टक्के होते. साहजिकच आता धोका गाठीपेक्षा ग्रंथींत आणि दूरच्या अवयवांत जास्त असतो. रक्तक्षय किंवा किरणोपचार ८ आठवड्यांपलीकडे लांबणे हेही जीवितकाल घटवते, पण ते कोणत्याही चित्रात दिसत नाही. प्रतिमानात ते वेगळे नोंदवावे लागते.