कांतारी की भूत जोलोकिया? देठापाशी बघा

ढोबळी आणि ब्याडगी एकाच प्रजातीच्या, कॅप्सिकम अ‍ॅन्युअमच्या. एकीची भाजी होते, दुसरी मसाल्यात पडते. आकार, तिखटपणा कशाचाच मेळ नाही, तरी दोघींचा संकर सहज होतो. फळाच्या रूपावरून मिरचीचं नातं ठरवू नये, ते यासाठी.

खरी गफलत होते केरळची कांतारी आणि ईशान्येची भूत जोलोकिया फुलोऱ्यात असताना. कांतारी फ्रुटेसेन्स प्रजातीची, जोलोकिया चायनेन्सची. दोघींची फुलं हिरवट पांढरी. दोन्ही प्रजाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. चायनेन्स हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिन यांनी १७७६ साली ती चीनची समजून दिलं, आणि ती चूक कायमची चिकटली.

आधी पेर बघा. कांतारीच्या पेरावर बहुधा एक-दोनच फुलं, देठ ताठ उभा, फूल तेवढं टोकाशी झुकलेलं. चायनेन्सला एकाच पेरावर दोन-तीन किंवा जास्त फुलं येतात. मग तयार फळ घेऊन देठ आणि फळावरची हिरवी टोपी जुळतात तिथे नख फिरवा. चायनेन्सला तिथे आवळल्यासारखी गोल खाच लागते, फ्रुटेसेन्सला नख सरळ सरकतं. पण एका फळावर निकाल देऊ नका. जोलोकियात फ्रुटेसेन्सचाही जनुकीय अंश सापडला आहे, त्यामुळे निदान चार-पाच झाडं तपासा.

गुणसूत्रं दोघींचीही २४. लागवडीच्या अ‍ॅन्युअममध्ये मात्र पहिल्या आणि आठव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. म्हणून अ‍ॅन्युअमचा चायनेन्सशी संकर झाला तरी त्या रोपाचे बरेच परागकण वांझ निघतात, फळं कमी धरतात.

बियाणं राखायचं तर मिरच्यांची ही आपसातली जवळीकच नडते. मिरची स्वपरागी असली तरी मधमाशा पराग इकडून तिकडे नेतात. असा संकर झाल्याचं त्या वर्षी कळत नाही, कारण फळ आईसारखंच येतं. घोळ दिसतो पुढच्या पिढीत. कळ्या उमलण्याआधीच फांदीला मलमलची पिशवी बांधा, सकाळी फांदी हलकेच हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. बी त्याच फळांचं धरा.

जोलोकियाचं बी उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. अ‍ॅन्युअमच्या सवयीने दहाव्या दिवशी वाफा उकरू नका. माती ओलसर ठेवा, पण चिखल नको, आणि २५ ते ३० अंश ऊब टिकवा.